चालू दाव्यात वकील बदलायचा असेल तर

दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं त्या आठवड्यात एक मावशी मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा, सात वर्षं चाललेला. "वकील बदलायचाय," एवढंच म्हणाल्या आणि कापडी पिशवीतले कागद टेबलावर ठेवले. दाव्याची झेरॉक्स होती, शेवटची तीन पानं नव्हती. कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, पहिली चार पानं होती. एक जुना सातबारा, घडीवर फाटलेला. पुढची तारीख कधी आहे विचारलं, तर "पुढच्या महिन्यात असेल." मी मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून पाहिलं. तारीख चार दिवसांवर होती, टप्पा वादीच्या पुराव्याचा, आणि मागच्या तारखेला "शेवटची संधी" असा आदेश झालेला.

आधीच्या वकिलांशी त्यांचं बोलणं चार महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. त्यांच्या मनाने ते वकील तेव्हाच सुटले होते. कोर्टाच्या रेकॉर्डवर मात्र ते अजून त्यांचेच वकील होते. या चार महिन्यांत समोरच्यांनी दिलेला प्रत्येक अर्ज, प्रत्येक प्रत, प्रत्येक नोटीस त्या वकिलांच्या ऑफिसात जात होती आणि कायद्याच्या नजरेत ती मावशींना पोहोचलेली होती.

दरवर्षी अशी पाच-सहा माणसं माझ्याकडे येतात. वकील बदलणं हा पक्षकाराचा हक्क आहे. त्यात चोरी नाही, कुणाचा अपमानही नाही. नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून तो क्रम इथे लिहितो आहे, आणि त्याला जोडूनच समोरच्या वकिलांशी लेखी कसं वागायचं तेही, कारण या दोन गोष्टींचा गोंधळ नेहमी एकाच वेळी होतो.

वकीलपत्रावर सही करता तेव्हा काय होतं

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधल्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकिलाची नेमणूक लेखी असते आणि ते वकीलपत्र कोर्टात दाखल होतं. एकदा दाखल झालं की ते कोर्टाच्या परवानगीने लेखी काढून घेईपर्यंत, पक्षकार किंवा वकील वारेपर्यंत, किंवा त्या पक्षकारापुरतं कामकाज संपेपर्यंत चालू राहतं. फोन उचलणं बंद केलं, फी देणं थांबवलं, "आता तुम्ही बघू नका" असं तोंडी सांगितलं, यांपैकी कशानेही ते संपत नाही. पुढचाच नियम ५ सांगतो की वकिलाला बजावलेलं किंवा त्यांच्या ऑफिसात ठेवलेलं पक्षकाराला कळलं असंच गृहीत धरलं जाईल.

वकीलपत्र पुन्हा एकदा नीट वाचा. त्यावर दोन-तीन वकिलांची नावं असू शकतात, म्हणजे सीनियर, त्यांचे ज्युनियर, कधी तालुक्याचे एक आणि जिल्ह्याचे एक. बदल करताना त्या सगळ्यांचा विचार करावा लागतो. वाटणीच्या दाव्यात चार भावंडांनी एकाच वकीलपत्रावर सह्या केलेल्या असतात. त्यांतल्या एकीने वकील बदलला तर तिच्यापुरताच बदल होतो, बाकीच्यांचं वकीलपत्र तसंच राहतं. हे आधी घरात बोलून घ्या, नाहीतर नव्या वकिलांना कोणाकोणाच्या वतीने उभं राहायचं हेच कळत नाही.

आधी दावा कुठे उभा आहे ते बघा

प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि बरेचदा आदेशही दिसतात. नंबर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. तेवढ्यावर थांबू नका. कोर्टात जाऊन रोजनामा बघा. प्रत्येक तारखेला काय झालं, कोण हजर होतं, कोणाच्या अर्जाने तारीख पडली, खर्च बसवला का, हे सगळं त्यात असतं. पक्षकाराला फाइल तपासण्यासाठी अर्ज करता येतो आणि नकला मागता येतात. "माझे वकील तारखेला जातच नव्हते" असं सांगत आलेल्या माणसाला रोजनाम्यात वकिलांची प्रत्येक तारखेची हजेरी दिसली, असं माझ्यासमोर झालेलं आहे. उलटही झालं आहे.

टप्पा महत्त्वाचा का, ते सांगतो. तुम्ही प्रतिवादी असाल आणि कैफियत द्यायची बाकी असेल, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि कोर्टाने कारणं नोंदवून वाढवले तर ९० दिवस, अशी मुदत आहे. वकील बदलला म्हणून हे घड्याळ थांबत नाही. साक्षीदाराचा उलटतपास अर्धा झाला असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. ज्याने पहिले चाळीस प्रश्न विचारले त्यालाच एक्केचाळिसावा कुठे न्यायचा ते माहीत असतं. युक्तिवादाच्या आदल्या आठवड्यात केलेला बदल मी शक्यतो नाकारतो. निशाणी ५ चा (निशाणी म्हणजे कोर्टाच्या फाइलमधल्या कागदाचा क्रमांक) मनाई अर्ज नामंजूर झाला एवढ्याच रागातून बदल करायचा असेल, तर आधी तो आदेश दुसऱ्या वकिलांना वाचायला द्या आणि मत घ्या. कधीकधी अर्ज नामंजूर होण्याचं कारण वकिलात नसतं, कागदात असतं.

आणखी एक गोष्ट लोकांना वाईट वाटते, पण आधी सांगितलेली बरी. नवा वकील आला म्हणून जुनं रेकॉर्ड बदलत नाही. दाव्यात किंवा कैफियतीत जे लिहून गेलं ते तुमचंच म्हणणं आहे. दुरुस्तीचा अर्ज देता येतो, पण सुनावणी सुरू झाल्यावर तो सहज मिळत नाही. योग्य ती काळजी घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे कोर्टाला पटवावं लागतं.

"नवा वकील आहे, तारीख द्या" यावरही विसंबू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं म्हटलं आहे. वकील आजारी आहे किंवा काम चालवू शकत नाही असं कारण दिलं, तर वेळेत दुसरा वकील नेमणं खरोखर शक्य नव्हतं का, हे कोर्ट तपासतं. म्हणून तारीख आणि बदल यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर राहील असं बघा.

कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. एक वही घ्या आणि दोन याद्या करा. पहिली यादी: मूळ कागद, जे तुम्ही वकिलांकडे दिले. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्यूपत्र, पावत्या, जुने फेरफार. दुसरी यादी: दाव्यातले कागद. दावा, कैफियत, निशाणी ५ चा अर्ज आणि त्यावरचं म्हणणं, मुद्दे, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासाच्या नकला, आजवरचे आदेश.

पहिल्या यादीतल्या प्रत्येक कागदासमोर लिहा, तो वकिलांच्या फाइलमध्ये आहे की कोर्टात दाखल झाला आहे. दाखल केलेल्या कागदांची यादी कोर्टाच्या फाइलमध्ये असते, तिच्याशी ताडून बघा. मावशींचं मूळ वाटणीपत्र "हरवलं" असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ते चार वर्षांपूर्वीच यादीबरोबर कोर्टात दाखल झालं होतं आणि सुरक्षित होतं. त्या एका गैरसमजातून जुन्या वकिलांशी तीन भांडणं झाली होती.

फाइल ताब्यात घेताना तिथेच बसून पानं मोजा. "अमुक तारखेला खालील कागद मिळाले" अशी दोन प्रतींत पोच करा, दोघांच्या सह्या घ्या. घाईत, कोर्टाच्या कँटीनमध्ये, उभ्या उभ्या फाइल घेऊ नका.

जुन्या वकिलांना पत्र

आधी भेटून सांगा, मग लेखी द्या. कारणं लिहीत बसू नका. आरोप तर नकोतच, कारण हे पत्र उद्या कोर्टासमोर ठेवायची वेळ येऊ शकते. मजकूर एवढा पुरे:

"विषय: नियमित दिवाणी दावा क्र. __ , __ विरुद्ध __ , यातील वकीलपत्र व कागदपत्रांबाबत.

स. न. वि. वि. वरील दाव्यात आपण माझ्यातर्फे काम पाहत आहात. यापुढे दुसरे वकील नेमण्याचे मी ठरवले आहे. कृपया माझी संपूर्ण फाइल, सोबतच्या यादीतील मूळ कागदांसह, परत द्यावी आणि नवीन वकीलपत्रावर आपली नो ऑब्जेक्शन द्यावी. पुढील तारीख __ असल्याने हे __ पर्यंत व्हावे ही विनंती. आपल्या फीचा हिशेब बाकी असल्यास लेखी कळवावा. आजवर केलेल्या कामाबद्दल आभार."

हातात देऊन प्रतीवर सही-तारीख घ्या. ते शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. जुनी रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे "रजिस्टर एडी" अजून तोंडी असलं तरी पोस्टात स्पीड पोस्टच मागा आणि पोच-पुराव्यासह पाठवा. पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट याच फाइलला लावा.

नो ऑब्जेक्शन मिळाली तर, आणि नाही मिळाली तर

बहुतेक वकील नवीन वकीलपत्रावर "नो ऑब्जेक्शन" लिहून सही करतात आणि दहा मिनिटांत काम होतं. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३९ प्रमाणे, ज्या कामात आधीच दुसऱ्याचं वकीलपत्र आहे तिथे त्यांच्या संमतीशिवाय नव्या वकिलाने उभं राहायचं नसतं. म्हणूनच चांगला वकील तुम्हाला पहिला प्रश्न एनओसीचा, म्हणजे या नो ऑब्जेक्शनचा, विचारतो. त्याला तुमचं काम नको आहे असा अर्थ काढू नका.

संमती मिळत नसेल तर त्याच नियमात वाट आहे. संमती का आणता आली नाही याची कारणं देऊन नवे वकील कोर्टाकडे अर्ज करतात आणि परवानगी मिळाल्यावर उभे राहतात. त्या अर्जाला तुमचं पत्र आणि पोस्टाचा पुरावा जोडला जातो. पत्र साधं आणि सभ्य का ठेवायचं ते इथे कळतं.

अडतं ते बहुधा फीवरून. "आधी माझे पैसे, मग फाइल" असं ऐकलं तर घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात स्पष्ट केलं की फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. फीसाठी त्यांना वेगळा कायदेशीर मार्ग आहे. पण याची दुसरी बाजूही मी तितक्याच कळकळीने सांगतो: झालेल्या कामाचे पैसे बुडवू नका. हिशेब मागा, पटला तर द्या, पावती घ्या. पटला नाही तर जेवढा पटतो तेवढा देऊन बाकीचं लेखी कळवा. मी पाहिलेले फाइलचे निम्मे तंटे हिशेब समोर मांडल्याबरोबर संपले.

जुन्या वकिलांचं निधन झालं असेल तर वकीलपत्र आपोआप संपतं. नवीन वकीलपत्राबरोबर तशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यावी.

नवीन वकीलपत्र दाखल करताना

तारखेची वाट बघू नका, आधीच दाखल करून घ्या. कोर्ट फी स्टॅम्प आणि वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प लावला आहे ना, सगळ्यांच्या सह्या आहेत ना, दाव्याचा नंबर बरोबर आहे ना, हे स्वतः बघा. जुनं वकीलपत्र काढून घेतल्याची पुरसीस आणि नवीन वकीलपत्र एकाच दिवशी, एकापाठोपाठ द्या. मध्ये एक तारीखही रिकामी राहू देऊ नका. वादी गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादी राहिला तर दावा एकतर्फी चालू शकतो. पूर्ववत करण्याचे अर्ज असतात, त्यांना साधारण ३० दिवसांची मुदत असते आणि सबळ कारण दाखवावं लागतं. वकिलाची चूक पक्षकाराच्या माथी मारू नये असं सर्वोच्च न्यायालयाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात म्हटलं आहे, पण नंतरच्या निकालांनी ते सरसकट लागू होत नाही असंही सांगितलं. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

मुंबईत राहून कोकणातला दावा चालवणारे, किंवा परदेशातून गावची जमीन सांभाळणारे पुष्कळ जण आहेत. कुलमुखत्यार तुमच्या वतीने वकीलपत्रावर सही करू शकतो, पण मुखत्यारपत्रात तो अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष मुखत्यार तुमच्याऐवजी देऊ शकत नाही, हे आधीपासून ध्यानात ठेवा.

वकिलांनीच काम सोडलं तर

पुरेसं कारण आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय वकिलाने घेतलेलं काम सोडू नये, आणि सोडलं तर न केलेल्या कामाची फी परत करावी, असा बार कौन्सिलचा नियम १२ आहे. तसं पत्र तुमच्याकडे आलं तर रागावून बाजूला ठेवू नका, त्याच दिवशी पुढची तारीख बघा. घर बदललं असेल तर कोर्टात नवीन पत्त्याची नोंद करून घ्या. जुन्या पत्त्यावर गेलेली सूचना "पोहोचली नाही" हे नंतर सांगणं फार अवघड जातं.

समोरच्या वकिलांशी कोणी, कसं बोलायचं

तुमच्यातर्फे वकील असतील तर समोरच्या वकिलांनी थेट तुमच्याशी दाव्याच्या विषयावर बोलू नये, तुमच्या वकिलांमार्फतच बोलावं, असं बार कौन्सिलचा नियम ३४ सांगतो. ते फोन करून "तुम्ही समजूतदार दिसता, एक सही करून टाका" म्हणाले तर "माझ्या वकिलांशी बोला" एवढंच म्हणा आणि वेळ-तारीख लिहून ठेवा. दोन पक्षकारांनी आपापसांत बोलायला मनाई नाही. भाऊ-भाऊ बोलत असतील तर बोलू द्या, फक्त कागदावर काही करायच्या आधी वकिलांना दाखवा.

बदलाच्या काळात धोका वाढतो, कारण समोरच्यांना आता कोणाला पाठवायचं तेच माहीत नसतं. म्हणून नवीन वकीलपत्र दाखल झाल्याबरोबर नव्या वकिलांनी समोरच्या वकिलांना दोन ओळींचं पत्र पाठवावं: यापुढे प्रती या पत्त्यावर, या ईमेलवर पाठवा; मागच्या अमुक तारखेनंतर दिलेल्या अर्जांच्या प्रती द्या. मावशींच्या प्रकरणात या एका पत्रामुळे आम्हाला दोन असे अर्ज मिळाले, जे दाखल झाल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तुम्ही स्वतःच स्वतःचा दावा चालवत असाल, किंवा वकील ठरेपर्यंत मध्ये काही दिवस जात असतील, तर पत्र तुम्हालाच लिहावं लागेल. एका पत्रात एकच काम ठेवा. उदाहरणार्थ:

"आपल्या पक्षकारांतर्फे निशाणी __ चा अर्ज दाखल झाल्याचे रोजनाम्यावरून दिसते. त्याची प्रत मला मिळालेली नाही. सोबतच्या कागदांसह ती वरील पत्त्यावर पाठवावी. हे पत्र केवळ प्रत मिळण्यासाठी असून अर्जातील कोणतेही कथन मला मान्य आहे असे समजू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. कबुली कागदावर, ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर, कुठेही दिली तरी ती पुढे येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२, नियम ६ प्रमाणे दाव्याबाहेर लेखी किंवा तोंडी दिलेल्या कबुलीवरूनही कोर्ट निकाल देऊ शकतं. हातउसन्या पैशांच्या नोटिशीला उत्तर देताना तर विशेष जपा. दावा लावण्याची मुदत संपण्याआधी सही करून "तुमचे पैसे देणं आहे, पण आत्ता देत नाही" असं लिहिलं, तरी मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ खाली ती कबुली ठरते आणि समोरच्याला नव्याने मुदत मिळते. नकार दिला म्हणून सुटका होत नाही.

तडजोडीची बोलणी लेखी करायची असतील तर पत्राच्या डोक्यावर "विदाउट प्रेज्युडिस" असं लिहितात, म्हणजे आमच्या हक्कांना बाध न येता. ही बोलणी पुराव्यात आणायची नाहीत असं दोघांनी ठरवलेलं असलं, तर दिवाणी कामात त्यातल्या कबुलीला संरक्षण मिळतं. पण त्या दोन शब्दांखाली प्रत जोडणं, तारीख कळवणं असली रोजची कामं घालू नका, आणि तडजोडीचा आकडा रोजच्या पत्रात घालू नका. दोन वेगळी पत्रं लिहा.

तडजोड झालीच तर ती लेखी आणि सह्यांनिशी असावी लागते. तुमच्या स्पष्ट अधिकाराशिवाय वकिलाने तुमचा हक्क सोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येही सांगितलं आहे. तडजोड पुरसीसवर स्वतः वाचून, प्रत्येक पानावर सही करा. आधीच्या वकिलांनी समोरच्यांना काही शब्द दिला होता का, तारखेला हरकत घेणार नाही किंवा अमुक कागद मान्य करू असा, हेही त्यांना निरोप देताना विचारून घ्या. नव्या वकिलांना ते समोरच्याकडून कळू नये.

तक्रार करायची असेल तर

खरोखर गैरवर्तन असेल, म्हणजे पैसे खाल्ले, खोटी तारीख सांगितली, समोरच्याशी संगनमत केलं, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. तक्रारीमुळे तुमचा दावा थांबत नाही, म्हणून आधी दावा नव्या हातात सुरक्षित जाऊ द्या. पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसात जा.

मावशींच्या दाव्यात आम्ही त्या चार दिवसांत जुन्या वकिलांची सही मिळवली, खर्च भरला आणि पुराव्याचं शपथपत्र तारखेलाच दाखल केलं. त्यानंतर आठवड्याने मुलाने ॲप उघडून बघितलं, वकिलाच्या रकान्यात अजून जुनंच नाव होतं. तो तसाच कोर्टात गेला, बेंच क्लर्कला वकीलपत्राची निशाणी सांगितली आणि नाव दुरुस्त करून घेतलं. तुम्हीही तेवढं बघून घ्या.